मधली रेघ : इरावती कर्वे यांच्या बर्लिनमधल्या संशोधनाविषयी

गेल्या दोन-तीन वर्षांत एक गोष्ट मराठी वाचकांत बरीच फिरली आहे. विसाच्या दशकाच्या अखेरीस पुण्याची एक तरुणी बर्लिनला जाते. तिथला नामांकित प्राध्यापक तिला प्रबंधाचा विषय देतो. त्याचे गृहीतक असे, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, विवेकबुद्धी तिथे वसते, आणि म्हणून त्याची कवटी इतरांच्या कवटीपेक्षा जास्त असमान असते. हे मोजून दाखवायचे. ती तरुणी १४९ कवट्या मोजते आणि सांगते की वंशाचा आणि कवटीच्या असमानतेचा संबंध आढळत नाही. ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंतो बार्बोसा यांनी लिहिलेले इरावतीबाईंचे इंग्रजी चरित्र २०२४ मध्ये आले, तेव्हापासून ही गोष्ट वर्तमानपत्रांत आणि व्याख्यानांत येत राहिली. मथळा बहुतेक ठिकाणी एकच होता : नाझी वंशवादाला आव्हान देणारी भारतीय स्त्री.

गोष्ट खरी आहे आणि मला आवडतेही. पण ती ऐकताना दर वेळी वाटते, की आपण तिचा शेवट साजरा करतो आणि मधले काम वगळतो. कवटीची असमानता म्हणजे काय, ती मोजायची कशी, १४९ ही संख्या किती वजनाची, त्या कवट्या कुणाच्या होत्या, आणि हे काम करून परतलेल्या बाईंनी पुढची चाळीस वर्षे मोजपट्टीचे काय केले, हे विचारल्याशिवाय या प्रबंधाचे मोल करता येत नाही. ‘युगान्त’ आपण इतक्या बारकाईने वाचतो, वाद घालतो; मग हे कामही त्याच कसोटीला का लावू नये?

मी शरीरशास्त्र शिकलेलो नाही. आयटीआयमधून टर्नर झालो आणि नंतर सव्वीस वर्षे भोसरीतल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. वाचन जे झाले ते रात्रपाळीत आणि सुट्टीत. त्यामुळे या विषयाकडे मी जातो तो मोजणाऱ्या माणसाच्या वाटेने.

प्रबंधाचे जर्मन नाव ‘नॉर्माले आसिमेट्री डेस मेन्शलिखेन शेडेल्स’. तो १९३१ मध्ये लाइपझिगहून पुस्तकरूपाने निघाला. नावाचा अर्थ ‘मानवी कवटीची स्वाभाविक असमानता’. यातला ‘स्वाभाविक’ हा शब्द कुणी फारसा लक्षात घेत नाही. माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, आणि हा आजार नाही. मेंदूकडून रक्त परत नेणाऱ्या मोठ्या आडव्या शिरांपैकी उजवी बहुतेकांत रुंद असते, म्हणून कवटीच्या तळाशी ती जिथून बाहेर पडते ते उजवे छिद्रही बहुधा मोठे. मेंदूचा उजवा भाग पुढच्या बाजूला आणि डावा मागच्या बाजूला किंचित अधिक पुढे आलेला असतो, आणि त्याचा ठसा हाडाच्या आतल्या पृष्ठभागावर उमटतो. त्यात आयुष्य भर घालते. टाळू भरण्याआधी मूल एकाच कुशीवर झोपत राहिले तर डोके त्या बाजूला चपटे होते. एका बाजूच्या दाढा पडल्या की माणूस दुसऱ्या बाजूने चावतो, आणि चावण्याचे स्नायू ज्या हाडाला धरून असतात ते हाड त्याप्रमाणे घडते. मान जन्मतः वाकडी असेल तर चेहऱ्याचा अर्धा भाग मागे राहतो. म्हणजे डावे-उजवे एकसारखे नसण्याची कारणे रचनेतही आहेत आणि वागण्यातही. त्यातले वंशाचे किती, हे वेगळे काढायचे तर आधी बाकी सगळे वजा करावे लागेल.

आता मोजणीकडे येतो. कारखान्यात ओतीव काम आले, म्हणजे आमच्या भाषेत कास्टिंग, की ते सरफेस प्लेटवर ठेवून हाइट गेजने आधी मधली रेघ मारायची. पुढची सगळी मापे त्या रेघेपासून. पण ओतीव काम मुळातच कुठे फुगलेले, कुठे दबलेले असते. मग मध्य कुठला धरायचा? या टोकाकडून काढला तर तिकडे कमी पडते, त्या टोकाकडून काढला तर इकडे. शेवटी मार्किंग करणारा अनुभवाने दोन्हींकडे थोडे थोडे वाटून रेघ ठरवतो. वाकडेपणा किती, याचे उत्तर त्याने ठरवलेल्या रेघेवर अवलंबून असते.

कवटीचे अगदी हेच आहे. डावे आणि उजवे यांतला फरक मोजायचा तर मधोमध एक पातळी हवी. ती कवटीवरच्या खुणांवरूनच घ्यायची : नाकाच्या मुळाशी एक बिंदू, मणक्याच्या मोठ्या छिद्राच्या कडेवर एक, मागच्या हाडावर एक. पण कवटी असमान असेल तर या खुणाही मध्यावर असतील कशावरून? या प्रश्नाला निर्विवाद उत्तर नाही. पद्धती आहेत, आणि प्रत्येक पद्धतीने आकडे थोडे वेगळे येतात. शिवाय शोधायचा फरक काही मिलिमीटरांचा. मी एकदा आउटसाइड कॅलिपर घेऊन मुलाच्या डोक्याची रुंदी पाच वेळा मोजली. पाच वेळांत अडीच मिलिमीटरांचा फेर पडला. जिवंत माणसाच्या कातडीचा दोष त्यात आला, कोरड्या कवटीवर तो नसतो, हे मान्य. तरी आयुष्यभर व्हर्निअर धरलेल्या हाताचा हा हिशेब आहे. फरक लहान आणि हात थरथरता असला की मोजणाऱ्याच्या मनात जे असते ते आकड्यांत उतरायला वेळ लागत नाही. त्यासाठी लबाडी करावी लागत नाही. ज्या कवटीकडून आपल्याला अपेक्षा आहे ती आपण दोनदा मोजतो आणि जिच्याकडून नाही ती एकदाच. एवढेही पुरते.

माझ्या मते इरावतीबाईंच्या कामाचे खरे श्रेय इथे आहे. मार्गदर्शकाला काय हवे ते त्यांना माहीत होते, त्याच्या हातात पदवी होती, घरापासून हजारो मैल दूर परक्या भाषेत काम चालले होते, आणि मोजायची वस्तू अशी होती की थोडे झुकते माप टाकले असते तर कुणाला कळले नसते. माप झुकले नाही.

मार्गदर्शक ऑयगेन फिशर. हा मुळातला शरीररचनाशास्त्रज्ञ. बर्लिनला येण्याआधी फ्रायबुर्गला त्या विषयाचा प्राध्यापक. १९०८ मध्ये त्याने तेव्हाच्या जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत जाऊन रेहोबोथच्या मिश्रवंशीय लोकांची मापे घेतली आणि १९१३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. १९२७ मध्ये बर्लिनच्या डाह्लेम भागात मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था निघाली, तिचा तो पहिला संचालक. इरावतीबाई तिथे होत्या तेव्हा नाझी सत्तेवर नव्हते आणि फिशरही पक्षाचा सदस्य नव्हता. सदस्यत्व त्याने १९४० मध्ये घेतले. म्हणून ‘नाझी वंशवादाला आव्हान’ हा मथळा काळाच्या हिशेबाने चुकतो. ही तांत्रिक हरकत नाही. वंशांची उतरंड लावणारे शास्त्र नाझींनी शोधले नाही. ते विद्यापीठांत प्रतिष्ठेने बसलेले होते आणि त्यांना तयार मिळाले. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला, संस्थेतले लोक सक्तीच्या नसबंदीसाठी अभिप्राय देऊ लागले, आणि पुढे त्याच्यानंतरच्या संचालकाकडे आउशविट्झहून मेंगेले नमुने पाठवत असे. इरावतीबाई बसल्या त्या वास्तूचे पुढचे चरित्र हे असे. त्यांचे धाडस मोठे करण्यासाठी १९४० चे भय १९३० मध्ये नेण्याची गरज नाही. आणि तसे केले तर सभ्य, सुशिक्षित, पदव्या देणारा वंशवाद आपल्या नजरेतून सुटतो.

फिशरचे गृहीतकही एकदा नीट पाहू. ब्रोकाने वाचेचे केंद्र मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात असल्याचे १८६१ मध्येच दाखवले होते. मग बुद्धीसाठी नेमका उजवा भाग का? दुसरे, कपाळाच्या हाडात हवेच्या पोकळ्या असतात आणि त्या डावी-उजवीकडे क्वचितच सारख्या असतात. इतक्या वेगवेगळ्या, की त्यांच्या आकारावरून मृताची ओळख पटवतात. तेव्हा कपाळाच्या बाहेरच्या उंचवट्यावरून आतल्या मेंदूचा अंदाज काढणे मुळात कच्चे. तिसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाचा मॉर्टन कवट्यांत आधी बिया आणि मग शिशाचे छर्रे भरून आकारमान काढत होता. तेव्हा श्रेष्ठत्व मोठ्या कवटीत होते. पुढे लांबी-रुंदीच्या गुणोत्तराचे दिवस आले, तेव्हा ते लांबट कवटीत गेले. आता ते असमानतेत आले. समजा मोजणीत युरोपीय कवटी जास्त समान निघाली असती, तर समानता हेच सौंदर्याचे आणि बुद्धीचे लक्षण ठरले नसते कशावरून? ड्रॉइंग आधी ठरलेले असते तेव्हा तपासणीला अर्थ राहतो. जॉब पाहून ड्रॉइंग बदलत गेले तर काहीच रिजेक्ट होत नाही.

मात्र इरावतीबाईंच्या निष्कर्षाची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण गौरवाच्या भरात तिच्याकडे डोळेझाक होते. १४९ ही संख्या ऐकायला भारी वाटते. पण समजा त्यांचे चार गट पाडले, तर एकेका गटाला सदतीस कवट्या येतात. त्यात स्त्री-पुरुष, तरुण-म्हातारे असे आणखी भाग होतात. एवढ्या नमुन्यावर लहान फरक असला तरी दिसणार नाही. तेव्हा ‘संबंध आढळला नाही’ हे वाक्य ‘संबंध नाही हे सिद्ध झाले’ असे वाचता येत नाही. पण सिद्ध करण्याची जबाबदारी फिशरची होती, इरावतीबाईंची नव्हती. फरक इतका बारीक असेल की १४९ कवट्यांत दिसू नये, तर त्यावर वंशांच्या श्रेष्ठत्वाची इमारत उभी राहू शकत नाही, एवढे त्या प्रबंधाने पक्के केले. वंश ही कोटीच चुकीची, असे त्याने म्हटले नाही. ते काम दुसरीकडे सुरू झाले होते. जर्मनीत जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला फ्रान्झ बोआस याने स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची हजारो मापे घेऊन १९११-१२ मध्येच दाखवले होते, की ज्या डोक्याच्या आकाराला वंशाची अढळ खूण मानतात तो एका पिढीत बदलतो. इरावतीबाईंनी फिशरचे एक विधान खोडले. ज्या गट-विभागणीवर ते उभे होते ती त्यांनी तशीच ठेवली.

याचा परिणाम पुण्यात दिसतो.

परतल्यावर १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. तिथे त्यांनी नातेसंबंधांवर जे काम केले ते थोर आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही. पण त्याच्या जोडीने मोजमाप सतत चालू राहिले. चाळीसच्या दशकात गुजरातेत लांघणजला सांकलियांच्या उत्खननात मध्याश्मयुगीन सांगाडे मिळाले. त्यांचा अभ्यास करताना इरावतीबाईंनी मोजक्या कवट्यांवरून आफ्रिकी वळणाची वांशिक लक्षणे वाचली. हे वाचताना मी थबकलो. बर्लिनमध्ये १४९ कवट्यांवरून वंश वाचायला नकार देणारा हात तो हाच का? लांघणजच्या कवट्या हजारो वर्षे मातीच्या दाबाखाली होत्या. त्यांचा वाकडेपणा तर ‘स्वाभाविक’ही नव्हता.

१९५१ मध्ये वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांचा ग्रंथ सिद्ध केला, आणि १९६८ मध्ये के. सी. मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांमधल्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. यामागचा त्यांचा सिद्धान्त असा : एका नावाखाली येणाऱ्या जाती, मग त्या ब्राह्मण असोत की कुंभार, एका मूळ गटाचे तुकडे पडून झालेल्या नाहीत, वेगवेगळे गट जवळ येऊन एका नावाखाली बसले. जातींचा ‘गुच्छ’ वेगळा आणि जात वेगळी, विवाह ज्या वर्तुळात होतात ते वर्तुळ हाच अभ्यासाचा खरा एकक. हा विचार त्यांच्या ‘हिंदू सोसायटी’ या १९६१ च्या पुस्तकात सविस्तर आहे.

यात मोलाचे बरेच आहे. ब्रिटिश काळात रिस्लेने नाकाच्या रुंदीवरून जातींची सामाजिक उतरंड वाचली होती, आणि इरावतीबाईंचे मुंबईतले गुरू घुर्ये यांनी १९३२ मध्ये मापे पुन्हा तपासून दाखवले, की हा मेळ उत्तर हिंदुस्थानच्या एका पट्ट्याबाहेर बसत नाही, महाराष्ट्रात तर मुळीच नाही. इरावतीबाई त्याच्या पुढे गेल्या. ‘ब्राह्मण’ असा एक शरीरप्रकार नाही, चित्पावन, देशस्थ आणि कऱ्हाडे यांत एकमेकांत फरक आहे, हे त्यांनी आकड्यांनी मांडले. वर्ण म्हणजे वंश, या समजुतीला त्यामुळे तडा गेला.

पण तर्काची एक पायरी मला गाळलेली दिसते. पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच लग्ने करणारे कुठलेही दोन लहान गट घ्या, त्यांच्या मापांत सरासरीचा थोडा फरक पडणारच. दोघे एकाच मुळातून निघाले असले तरी पडेल. फरक सापडला म्हणून मूळ वेगळे, असे म्हणता येत नाही. बर्लिनमध्ये त्यांनी विचारले होते, ‘या गटांत फरक आहे असे म्हणता, तो आहे का?’ पुण्यात फरक आहे हे धरून चालणे झाले आणि प्रश्न ‘किती?’ एवढाच उरला. आणि मोजायचे ठरवले की जात ही मोजता येणारी वस्तू होऊन बसते. मधली रेघ कुणीतरी आधीच मारून ठेवलेली असते.

२०१३ मध्ये भारतीय समूहांच्या जनुकांवर एक महत्त्वाचा अभ्यास आला. त्यानुसार इथल्या जवळपास सर्व समूहांत दोन प्राचीन लोकसमूहांचे मिश्रण आहे, ते सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले, आणि त्यानंतर अंतर्विवाहाने गट बंद होत गेले. इरावतीबाईंचे अर्धे म्हणणे यात टिकते : विवाहाचे वर्तुळ हा खरोखरच एक जैविक एकक झाला. उरलेले अर्धे तसे टिकत नाही. वर्तुळे बंद झाली ती मिसळून झाल्यावर. बार्बोसा यांनी आपल्या संशोधनात बर्लिनचे वळण पुण्याच्या कामात कसे उतरले ते दाखवले आहे, आणि मला ते पटते. काही जणांना हे बाईंवर अन्याय करणारे वाटेल. मला वाटत नाही. फिशरला नाही म्हणणे आणि फिशरकडून कॅलिपर घेऊन येणे, दोन्ही एकाच माणसाने केले. अर्धेच सांगितले तर ते चरित्र होत नाही, आरती होते.

राहिल्या कवट्या. ज्यांवर हे सगळे उभे आहे त्यांच्याविषयी आपल्याकडच्या लेखांत दोन ओळीही नसतात. त्यांतल्या पूर्व आफ्रिकेतल्या कवट्या जर्मन वसाहतीतून आल्या होत्या. वसाहतीतले अधिकारी, लष्करी डॉक्टर, प्रवासी यांनी त्या थडग्यांतून उकरून, रणांगणावरून, फाशी दिलेल्यांच्या देहांवरून गोळा करून बर्लिनला पाठवल्या. फेलिक्स फॉन लुशान या मानववंशशास्त्रज्ञाने असा हजारोंचा संग्रह केला होता. १९०५ ते १९०७ च्या माजी-माजी उठावात आणि त्यानंतरच्या दुष्काळात त्या प्रदेशात लाखो माणसे मेली. मोजणीच्या टेबलावर आलेली कवटी तिथवर कशी आली, हा प्रश्न १९३० मध्ये संस्थेतले कुणी विचारत नव्हते. वसाहतीतूनच आलेल्या इरावतीबाईंच्या मनात तो आला असेल का, हे मला राहून राहून वाटते. हा आरोप नाही. पण ज्या कवट्यांच्या साक्षीने युरोपचे श्रेष्ठत्व नाकारले, त्या कवट्या तिथे असणे हेच त्या श्रेष्ठत्वाचे कृत्य होते, हे आज लिहिताना तरी वगळता येणार नाही.

लुशानच्या संग्रहातल्या पूर्व आफ्रिकेतल्या अकराशेवर कवट्यांचा माग बर्लिनच्या संग्रहालयाने अलीकडे काढला. २०२३ मध्ये त्यांतल्या काहींचे डीएनए टांझानियातल्या हयात कुटुंबांशी जुळले. शंभरहून अधिक वर्षांनी नातवंडा-पतवंडांना आपला माणूस कुठे आहे ते कळले. त्याच वर्षी मार्चमध्ये डाह्लेमच्या दफनभूमीत आणखी एक विधी झाला. फिशरच्या जुन्या संस्थेजवळ २०१४ मध्ये बांधकाम करताना मानवी हाडे सापडली होती. पुढच्या उत्खननांत सुमारे १६,००० तुकडे निघाले. काही हाडांवर जुन्या संग्रहाच्या खुणा होत्या. ती कुणाची, हे ठरवण्यासाठी आणखी चाचण्या करायच्या नाहीत, असे वारसांच्या वेगवेगळ्या समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरले. कारण त्या चाचण्या करायच्या म्हणजे पुन्हा वंशावरून हाडे वेगळी करावी लागली असती. सगळी हाडे एकत्र, साध्या पेट्यांत पुरली.